अप्पांनी आणलेलं पिल्लू

सासूबाई गेल्यावर आठ महिन्यांनी अप्पांनी पिल्लू आणलं. त्या आठ महिन्यांत मी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी झोपले असंच सांगेन. त्याआधीच्या अडीच वर्षांत झोप म्हणावी अशी झालीच नव्हती. मी नर्स आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपली की घरी सासूबाईंची ड्युटी सुरू व्हायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या पलंगावरच होत्या. कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, भरवायचं, चादरी काढायच्या, धुवायच्या, वाळल्या की परत घालायच्या. आमचे हे मुदखेडला रेल्वेत, आठ-दहा दिवसांतून एकदा घरी येणार. मुलगी लातूरला शिकायला. घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे.

अप्पांचं जळकोटच्या बाजारात किराणा दुकान आहे. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, इष्टलिंगाची पूजा, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. मग दुकान. दुपारी जेवायला आले की आतल्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "कसं हाय?" मी म्हणायची, "आहे तसंच." ते मान हलवायचे, जेवायचे आणि चपला घालून परत जायचे. अडीच वर्षांत उंबरा ओलांडून ते पलंगापाशी किती वेळा आले, हे मी मोजलेलं होतं. बोलून दाखवलं नाही एवढंच. बोलायलाही अंगात जोर लागतो.

तर त्या दिवशी मी नाइट करून सकाळी घरी आले होते. थंडीचे दिवस होते. स्वयंपाक उरकून आडवी झाले, डोळा लागून तासभर झाला असेल, आणि दारावर टकटक झाली.

"सुनबाई, जागी हाईस का?"

दार उघडलं तर अप्पा. खांद्यावरचं उपरणं हातात गोळा करून धरलेलं, आणि त्यातून शेपटीचं काळं टोक बाहेर आलेलं. वास आधी माझ्याकडं आला. रक्ताच्या हगवणीचा वास मी झोपेतही ओळखते.

"अप्पा, हे काय आणलंत?"

"दुकानामागं नालीपाशी एक कुत्री व्याली व्हती. टेम्पोखाली गेली ती. सहा पिल्लं व्हती. मी बिस्कीट टाकत व्हतो, दूध ठेवत व्हतो. चार दिसांत पाच मेली." त्यांनी उपरणं जरा उघडलं. "ही सहावी हाय."

मी बघितलं. दोन-अडीच महिन्यांची असेल. काळी, छातीवर पांढरं. डोळे आत गेलेले. मी बोटानं पाठीची कातडी उचलून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलेलं नव्हतं.

"ही मरणार आहे," मी म्हणाले.

"तुला सलाईन लावता येती."

"माणसाला."

"शीर ती शीर. तुला जमतं."

मला त्या 'तुला जमतं'चा जो राग आला तो आजही आठवतो. हे दोन शब्द मी त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. सासूबाईंना घरी आणलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी हेच म्हटलं होतं. हिला जमतं, नर्स हाय. म्हणजे बाकीच्यांना जमायची गरज नाही. त्यात कुत्र्यांविषयी मला मायाही नव्हती. कुत्रं चावलं म्हणून आमच्याकडं रोज माणसं, लेकरं येतात. पोटरी फाटलेली, गाल फाटलेले. त्या लेकरांना धरून इंजेक्शनं द्यायची मीच.

"मला होणार नाही अप्पा," मी म्हणाले. "आत्ता कुठं जरा पाठ टेकून राहिले. कुणाचं हगणं-मुतणं काढायची ताकद नाही माझ्यात. जिथून आणलं तिथं ठेवून या."

अप्पांनी उपरणं परत गोळा केलं आणि गेले. मी दार लावलं. झोप मात्र गेली ती गेलीच. तासभर छताकडं बघत पडून राहिले आणि मग उठून चहा ठेवला. मागच्या दारातून बघते तर अप्पा परसातल्या पत्र्याच्या खोलीत बसलेले. पोत्यावर पिल्लू, आणि अप्पा चमच्यानं त्याच्या तोंडात दूध ओतत होते. ते खोकत होतं, दूध नाकातून बाहेर येत होतं.

"दूध देऊ नका!" मी तिथूनच ओरडले. "उलटीत जीव जाईल तिचा. काहीच देऊ नका."

अप्पा चमचा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. शहात्तर वर्षांचा माणूस. धोतरावर सगळं सांडलेलं, भस्म पुसलेलं. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः भरून न घेतलेला माणूस.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी ओळखत होते. त्यांच्या बायकोचं बाळंतपण आमच्याकडं झालं होतं. संध्याकाळी पिल्लू रिक्षानं त्यांच्याकडं नेलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "पार्व्हो आहे, मॅडम. पिल्लांची साथ असते ही. वाचेलच असं सांगत नाही. औषध असं नसतं त्याला. सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि वाट बघायची. चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ आणावं लागेल. नाहीतर तुम्ही घरीच द्या, तुम्हाला काय सांगायचं." मग पिल्लाला उलटं करून बघितलं. "मादी आहे. जगली तरी कुणी नेत नाही मादी."

"कुणाला द्यायचीच न्हाई," अप्पा म्हणाले.

रिक्षात मी त्यांना सांगितलं, "सुई मी लावीन. औषध मी भरीन. बाकीचं सगळं तुम्ही करायचं. पुसणं, धुणं, पोती बदलणं, जवळ बसणं. मी हात लावणार नाही."

"हाव," अप्पा मान डोलावून म्हणाले.

मला वाटलं, एक दिवस करतील.

तान्ह्या लेकरांना लावतात ती पिवळी बारीक सुई मी औषधाच्या दुकानातून आणली. पुढच्या पायावरचे केस अप्पांच्या दाढीच्या ब्लेडनं काढले. शीर दोऱ्याएवढी, तीही बसलेली. अप्पांनी पाय कोपरापाशी दाबून धरला. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही, नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. तिसऱ्यांदा सुईत रक्त आलं तेव्हा माझ्याच तोंडून सुस्कारा निघाला. बाटली खुंटीला टांगली, थेंब धरला, पायाला चिकटपट्टी गुंडाळली.

"ह्यो थेंब असाच पडला पाहिजे ना?" अप्पांनी विचारलं.

"असाच. थांबला तर मला हाक मारा. पाय हलवू देऊ नका."

अप्पा पाटावर बसले आणि थेंब बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. मी दिवसपाळीला जाताना बघितलं तर डोक्याला उपरणं बांधून, बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून अप्पा फरशी पुसत होते. कोपऱ्यात रक्ताचं पोतं गुंडाळून ठेवलेलं. पुसून झालं की जाळायला नेणार. संध्याकाळी आले तर परत तेच. दिवसातून तीनदा आंघोळ करत होते. पिल्लाचं करून पूजेला बसता येत नाही म्हणून आंघोळ, मग पूजा, मग परत पिल्लू. त्या थंडीत. मी म्हटलं, "अप्पा, आजारी पडाल." ते म्हणाले, "पडलो तर तू हाईस की." आणि हसले. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पिल्लू फार वाईट होतं. मान टाकलेली, हिरड्या पांढऱ्या. मी संध्याकाळी घरी आले, बूटसुद्धा काढले नव्हते, तशीच परसात गेले. अप्पा गुडघ्यावर बसून तिचं मागचं अंग कोमट पाण्यानं पुसत होते. कापूस ओला करायचे, पिळायचे, हळूच पुसायचे, मग कोरड्या फडक्यानं टिपायचे. अगदी बरोबर. शेपटी एका बोटानं वर धरून, कातडी न घासता. मी असंच करायची सासूबाईंचं, आमच्या अव्वांचं. म्हणजे यांनी बघितलेलं होतं. दारातून का होईना, बघितलेलं होतं.

मी दमलेली होते. त्या दिवशी वॉर्डात एक बाळंतीण फार त्रासली होती, दुपारचं जेवणही झालं नव्हतं. त्यामुळंच निघालं असेल तोंडातून.

"अप्पा, अव्वांचं असं एक दिवस जरी केलं असतं तर."

त्यांचा हात थांबला नाही. कापूस पाण्यात बुडवला, पिळला, परत पुसायला लागले. मी औषध भरलं, सलाईनच्या नळीत सोडलं आणि आत निघून आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी ताट वाढून ठेवलं, झाकलं, आणि त्यांना परत बोलवायला गेले नाही. वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं असेल, पण आधी झोप आली.

चौथ्या दिवशी उलट्या थांबल्या. पाचव्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी मी भाताची पेज गाळून नेली आणि बोटाला लावून पिल्लाच्या ओठावर ठेवली. तिनं जीभ बाहेर काढली. एकदा चाटलं, मग परत. मग बशीत तोंड घालायला लागली आणि पुढचे पाय लटपटून तोंडावरच पडली. अप्पांनी तिला पोटाखाली हात घालून उभं धरलं. बशी संपली.

आम्ही दोघं तिथंच बसलो. पत्र्यावर ऊन पडलं होतं आणि खोली जरा उबदार झाली होती. मग अप्पा बोलले.

"तू परवा म्हनलीस ते खरं हाय. तिचं करायला पाहिजे व्हतं मी."

मी रिकामी बशी उचलून घेतली.

"मी येत व्हतो आत. सुरवातीला येत व्हतो. मी आलो की ती तोंड फिरवायची. मी या बाजूला हुभा राह्यलो की ती भिंतीकडं बघायची. हाक मारली तरी न्हाई. मला वाटलं, हिला माझी लाज वाटती. न्हाईतर राग आला असंल. जन्मभर म्या तिला दुकान आन् घर, घर आन् दुकान, दुसरं काय दावलं? आता असल्या हालतीत माझं तोंड बघायची इच्छा नसंल तिची. मंग दारातूनच इचारायला लागलो."

बशी अजून माझ्या हातातच होती. ती मी खाली ठेवली.

मला एकदम सासूबाईंचं ताट आठवलं. सुरुवातीला त्या उजव्या हातानं थोडं खायच्या, तेव्हा ताटाच्या उजव्या बाजूचं तेवढं खाऊन थांबायच्या. डावीकडची भाजी, भाकरी तशीच. मी ताट फिरवून द्यायची, मग उरलेलं खायच्या. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला की डावं अंग जातं, ते सगळ्यांना दिसतं. पण कुणाकुणाचं डाव्या बाजूचं भानच जातं, ते कुणाला दिसत नाही. डावीकडं माणूस उभा आहे, हाक मारतोय, हे त्यांच्या मनापर्यंत पोचतच नाही. मान आपोआप उजवीकडं वळलेली राहते. हे मला शिकवलेलं होतं. मी अशी माणसं वॉर्डात बघितली होती.

आणि खोलीचं दार त्यांच्या डाव्या हाताला होतं. उजवीकडं भिंत, भिंतीतलं औषधांचं कपाट, आणि भिंत आणि पलंग यांच्यामधल्या जागेत मी उभी राहायची. माझ्याकडं त्यांचं तोंड सतत असायचं. मला कधी वाटलंच नाही की दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या माणसाला ते कसं दिसत असेल.

सांगावं की नाही, मला कळेना. न सांगता चाललं असतं. ते तसंच धरून चालले असते, मीही. पण सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं. ताटाचं सांगितलं. "अप्पा, त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं," मी म्हणाले. "त्यांना तुम्ही दिसतच नव्हता."

अप्पा पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. पिल्लू झोपलं होतं, पोट वर-खाली होत होतं.

"मंग पलंग फिरवायचा व्हता," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "फिरवायचा होता."

त्यांनी मला दोष दिला नाही. आवाजही चढवला नाही. पण मी स्वतःला विचारत राहिले. ताट रोज फिरवत होते, मग पलंग का नाही? कारणं होती. कपाट जवळ पडायचं. खिडकीतला उजेड बरोबर यायचा. मला त्या बाजूनं उचलायला सोपं जायचं. सगळी माझ्या कामाची कारणं. अडीच वर्षं मी त्या माणसाच्या फेऱ्या मोजत होते आणि एकदाही त्यांना विचारलं नव्हतं की तुम्ही आत का येत नाही. थकलेल्या माणसाला राग धरणं सोपं जातं, विचारणं जड जातं. मग अप्पा उठले आणि पोतं बदललं.

पिल्लू जगलं. महिन्याभरात परसातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं, मग ओसरीवर आलं. हे मुदखेडहून आले तेव्हा म्हणाले, "आपल्या घरात कुत्रं? अप्पांनी? तुम्ही दोघं मिळून खोटं बोलून राहिलात." अप्पांच्या बहिणी उदगीरहून आल्या, नाकाला पदर लावून बसल्या. म्हणाल्या, लिंगवंताच्या घरात हे काय. अप्पा म्हणाले, "पूजेच्या खोलीत येत न्हाई ती. तुम्ही तरी आंघोळ न करता येता." त्या चहा न घेता गेल्या आणि पंधरा दिवसांनी परत आल्या.

तिला नाव काही ठेवलं नाही. अप्पा "ए बाई" म्हणतात, तेवढ्यावर ती येते. वर्षाची व्हायच्या आत, पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करून घेतलं, लातूरला नेऊन. जीपमध्ये अप्पांनी तिला मांडीवर घेतलं होतं. समोरच्या बाईनं विचारलं, "कुणाची हाय?" अप्पा म्हणाले, "घरचीच हाय." टाके मीच बघितले, पण मलम अप्पांनी लावलं. आमचं ठरलेलं होतं आणि त्यांनी ते एकदाही मोडलं नाही. आता तिला तीन वर्षं झाली. सकाळी त्यांच्याबरोबर दुकानाला जाते, पोत्यांच्या आडोशाला पडते, त्यांच्याबरोबरच परत येते. आजाराची एक खूण राहिली आहे. जरा तेलकट खाल्लं की पोट बिघडतं, म्हणून अप्पा तिच्यासाठी वेगळा भात शिजवतात. कुकर लावायला ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकले.

माझा राग गेला का? पुष्कळसा गेला. तेवढाच माझ्याकडं वळला असेल, तोही आता जुना झाला आहे. ड्युटी तीच आहे, पाय तसेच सुजतात. घरात सासूबाईंची खोली तशीच आहे. पलंग तेवढा आम्ही कुणाला तरी देऊन टाकला.

आणि मला सांगायला हवं की त्या कुत्रीला मी आवडत नाही. माझ्या हातांना स्पिरिटचा वास येतो. कितीही धुतले तरी येतो. मी दवाखान्यातून आले की ती उठते आणि दुसरीकडं जाऊन बसते. पुढचा एक पाय अंगाखाली दुमडून घेते, ज्याला सुई लावली होती तोच. गेल्या उन्हाळ्यात अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दहा दिवस वाकायचं नव्हतं, वजन उचलायचं नव्हतं. तेवढे दिवस तिचा भात, तिचं पाणी, बाहेर नेणं, सगळं माझ्याकडं आलं. मी कुरकुर करत केलं. सकाळी भाताची वाटी ओसरीवर ठेवायची, तर ती लांब भिंतीशी बसून माझ्याकडं बघायची. मी आत गेले, दार लोटलं, की मगच वाटीकडं यायची. फटीतून मला दिसायचं. सगळं नीट खायची, वाटी चाटून साफ करायची.

मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांना मी टोचलेलं आहे ती लहान पोरं मला बाजारात बघून आईच्या मागं लपतात. आया त्यांना म्हणतात, अरे, सिस्टरनीच तुला बरं केलं ना. पोरांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. अप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसलेले असायचे आणि विचारायचे, "खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"तुझ्या हातचं?"

"मी आत गेल्यावर."

"येईल हळूहळू," ते म्हणायचे. मी म्हणायची, "नाही आली तरी चालेल अप्पा." आणि अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, तेव्हा ती वाटी मी त्यांच्या हातात दिली.